तांबडी रक्तपेशी, डांबरगोळी आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे शब्द आता ग्रीन टीच्या डब्यापासून चेहऱ्याच्या क्रीमपर्यंत सगळीकडे छापलेले असतात. सोबतचा उपायही ठरलेला: अमुक गोळी घ्या, तमुक रस प्या, अँटिऑक्सिडंट वाढवा. शरीराचा बचाव प्रत्यक्षात कसा चालतो, तो कुठे तुटतो आणि तुटला की माणसाचे काय होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ते समजून घ्यायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे तांबडी रक्तपेशी. तिच्यात केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया (ऊर्जा बनवणारे पेशीचे भाग) नाहीत, नवी प्रथिने बनवण्याची सोय नाही. अस्थिमज्जेतून निघताना जी शिदोरी मिळाली, तिच्यावर सुमारे १२० दिवस काढायचे, तेही दिवसरात्र ऑक्सिजन वाहत.

ऑक्सिजनचा रेणू स्वभावतःच इलेक्ट्रॉन ओढणारा. चार इलेक्ट्रॉन एकदम मिळाले तर त्याचे पाणी होते आणि प्रश्न मिटतो. एकेक करून मिळाले तर मधल्या अवस्था तयार होतात. एक इलेक्ट्रॉन मिळाला की सुपरऑक्साइड, दोन मिळाले की हायड्रोजन पेरॉक्साइड, तीन मिळाले की हायड्रॉक्सिल रॅडिकल. रक्तपेशीत याची सुरुवात हिमोग्लोबिनपाशी होते. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटतो आणि गरज असेल तिथे सुटतो. पण अधूनमधून तो सुटताना लोहाचा एक इलेक्ट्रॉन सोबत घेऊन जातो. फेरस लोहाचे फेरिक लोह होते, ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहायला निकामी ठरते (त्याला मेटहिमोग्लोबिन म्हणतात) आणि निसटलेला ऑक्सिजन सुपरऑक्साइड बनून पेशीत मोकळा फिरतो. धडधाकट माणसातही रोज हिमोग्लोबिनचा ०.५ ते ३ टक्के हिस्सा असा बिघडतो. तरीही रक्त तपासले तर मेटहिमोग्लोबिन साधारण १ टक्का किंवा त्याहून कमीच सापडते, कारण दुरुस्तीही रोजच चालू असते. म्हणजे बिघाड हा रोजचा व्यवहार आहे. दुरुस्ती त्याच्या मागे पडू लागली की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचे.

दुरुस्तीचे पहिले काम विकरे करतात, म्हणजे एन्झाइम. १९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी गाईच्या रक्तपेशींतून सुपरऑक्साइड डिसम्युटेज वेगळे काढले. तांबे असलेले हे प्रथिन आधीपासून माहीत होते, पण त्याचे काम कोणाला ठाऊक नव्हते. ते दोन सुपरऑक्साइड घेऊन एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन पेरॉक्साइड करते. पेरॉक्साइड तसे शांत, पण साठू दिले तर घातक. म्हणून पुढे कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन अशी तीन विकरे त्याचे पाणी करायला बसलेली असतात.

यातले कॅटालेज डोळ्यांनी पाहता येते. कच्च्या बटाट्याची चकती कापा आणि तिच्यावर ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार-पाच थेंब टाका. औषधाच्या दुकानातली बाटली बऱ्याचदा ६ टक्क्यांची असते. लेबल वाचा, आणि तशी असेल तर तेवढेच पाणी मिसळा. डोळ्यांत उडू देऊ नका. काही सेकंदांत चकतीवर पांढरा फेस चढतो. तो फेस म्हणजे सुटलेला ऑक्सिजन. आता दुसरी चकती दहा मिनिटे उकळून, गार करून तिच्यावर तेच थेंब टाका. फेस जवळजवळ येत नाही, कारण उष्णतेने विकराची घडी मोडली. जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर येणारा फेसही याच कॅटालेजचा. तो 'जंतू मरत असल्याची खूण' म्हणून सांगितला जातो, ते खरे नाही. आपल्याच रक्ताचे आणि पेशींचे विकर तिथे काम करत असते.

तिसऱ्या अवस्थेवर, म्हणजे हायड्रॉक्सिल रॅडिकलवर, शरीराकडे एकही विकर नाही. तो इतका उतावीळ असतो की जिथे जन्मतो तिथेच समोर येईल त्यावर तुटून पडतो, मग ते डीएनए असो, प्रथिन असो वा पेशीच्या आवरणातली चरबी. त्याच्यावर एकच इलाज, तो जन्मूच न देणे. पेरॉक्साइडला मोकळे लोह भेटले की तो जन्मतो, म्हणून शरीर लोह कधी मोकळे सोडत नाही. रक्तात ते ट्रान्सफेरिनला बांधलेले असते, पेशीत फेरिटिनमध्ये बंद असते. वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये हे कुलूप अपुरे पडते. जास्तीचे लोह हृदय आणि यकृत खराब करते, आणि म्हणूनच त्यांना लोह बाहेर काढणारी औषधे आयुष्यभर लागतात. रक्त न तपासता 'ताकदीसाठी' लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेऊ नयेत, यामागेही हेच रसायन आहे.

आता या सगळ्या बचावाचा खर्च कोण भागवते ते पाहू. इथे व्यवहार उसनवारीचा आहे. पेशीच्या आवरणातले ई जीवनसत्त्व बिथरलेल्या चरबीला आपला इलेक्ट्रॉन देते आणि स्वतः रिकामे होते. त्याला सी जीवनसत्त्व भरून देते. सी जीवनसत्त्वाची भरपाई ग्लुटाथायोनकडून होते. ग्लुटाथायोन हे तीन अमिनो आम्लांचे छोटेसे संयुग, शरीर ते स्वतः बनवते, आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला पेरॉक्साइडचे पाणी करायलाही तेच लागते. ग्लुटाथायोन रिकामे झाले की त्याला एनएडीपीएच नावाचा रेणू भरून देतो. आणि एनएडीपीएच? तो ग्लुकोजमधून येतो. रक्तपेशी आपल्या ग्लुकोजचा ५ ते १० टक्के हिस्सा एका आडवाटेने नेते, आणि त्या वाटेच्या पहिल्याच पायरीवर बसलेले विकर म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, थोडक्यात जी६पीडी. बाकीच्या पेशींना एनएडीपीएच मिळवायच्या आणखी वाटा आहेत. तांबड्या पेशीला ही एकच. म्हणून हे एक विकर अशक्त असले तर वरून कितीही अँटिऑक्सिडंट ओता, उसने फेडायला पेशीकडे काही उरत नाही.

जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये हे विकर जन्मतःच कमी असते. हा दोष सापडला तो एका औषधामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रायमाक्विन हे हिवतापाचे औषध आले. काही जणांना ते घेतल्यावर दोन-तीन दिवसांत लघवी काळपट व्हायची, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरायचे. शिकागो विद्यापीठाच्या आल्फ आल्व्हिंग यांच्या गटाने इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर अभ्यास केला. आजच्या नियमांत असे संशोधन बसणार नाही, पण त्यातला पुरावा पक्का होता. त्रास होणाऱ्या माणसाच्या रक्तपेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या त्रास न होणाऱ्या माणसाला चढवल्या आणि औषध दिले, तर फक्त त्या पाहुण्या पेशी फुटल्या. उलट दिशेने केले तर फुटल्या नाहीत. म्हणजे दोष औषधात नव्हता, यकृतात नव्हता, पेशीच्या आत होता. १९५६ मध्ये तो जी६पीडीचा दोष असल्याचे सिद्ध झाले.

त्याच रुग्णांमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. औषध चालू ठेवूनही दहाएक दिवसांनी हिमोग्लोबिन परत वर येऊ लागे. कारण फुटत होत्या त्या म्हाताऱ्या पेशी. पेशीला नवे विकर बनवता येत नाही, त्यामुळे वय वाढेल तसे जी६पीडी कमी होत जाते. म्हाताऱ्या पेशी संपल्या, तरुण उरल्या, त्या तग धरून राहिल्या. पण ही सवलत त्या रुग्णांत असलेल्या सौम्य प्रकाराची. भूमध्यसागरी प्रकारात तरुण पेशींतही विकर नगण्य असते, तिथे औषध चालू ठेवणे जिवावर बेतू शकते.

भारतात मुख्यतः तीन प्रकार आढळतात: भूमध्यसागरी, ओरिसा आणि केरळ-कल्याण. केरळ आणि कल्याण हे आधी दोन वेगळे प्रकार समजले जात, डीएनए वाचल्यावर दोन्ही एकच निघाले. पारशी समाजात आणि अनेक आदिवासी समाजांत याचे प्रमाण जास्त आहे. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलग्याला एकच एक्स, त्यामुळे त्याच्यात तो पूर्ण उतरतो. मुलींमध्ये काही पेशी चांगल्या आणि काही सदोष असे मिश्रण असते, आणि साध्या तपासणीत ते निसटून जाऊ शकते. एरवी या माणसांना काही त्रास नसतो. उलट फाल्सिपॅरम हिवतापाच्या गंभीर आजारापासून थोडे संरक्षणच मिळते, म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत हा दोष पिढ्यानपिढ्या टिकून राहिला. त्रास होतो तो बाहेरून ऑक्सिडंट, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेणारा पदार्थ, आला की.

आपल्याकडे तो बऱ्याचदा कपाटातून येतो. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. ती हवेत विरते, कपड्यात मुरते, आणि श्वासातून किंवा त्वचेतून शरीरात गेली की यकृतात तिची अशी रूपे बनतात जी पेशीतले ग्लुटाथायोन संपवून टाकतात. मोठ्या भावंडाची कुंची, दुपटी, स्वेटर वर्षभर डांबरगोळ्यांत ठेवलेली असतात. बाळ जन्मले की ती बाहेर काढून थेट अंगावर. नवजात बाळाचे यकृत बिलिरुबिन (फुटलेल्या रक्तपेशींतून तयार होणारे पिवळे द्रव्य) बाहेर टाकायला अजून तयार नसते, त्यात पेशी फुटू लागल्या की कावीळ काही तासांत चढते, आणि बिलिरुबिन मेंदूत उतरले तर कायमचे अपंगत्व येऊ शकते. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवूच नये. ठेवली असेल तर ते कपडे गरम पाण्यात साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून, नाकाशी धरल्यावर वास अजिबात येणार नाही तोवर वापरू नयेत. नुसते ऊन दाखवणे पुरत नाही. तिच्या जागी कापूरही नको, तो लहान मुलांना वेगळ्या कारणाने, झटके येतात म्हणून, घातक आहे. कपडे स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडे करून हवाबंद पिशवीत ठेवले की कसर लागत नाही. कावीळ पहिल्या २४ तासांतच दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना किंवा सुस्त पडले, तर कोवळ्या उन्हात धरत बसू नका. उन्हाने फोटोथेरपीचे (रुग्णालयातल्या निळ्या प्रकाशाच्या उपचाराचे) काम होत नाही, बाळाला लगेच रुग्णालयात न्या.

पेशी फुटताना आत काय होते तेही पाहण्यासारखे आहे. ग्लुटाथायोन संपले की हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या गंधकाच्या जागा ऑक्सिडाइज होतात, रेणू घडी मोडून गोळा होतो आणि आवरणाच्या आतल्या बाजूला चिकटतो. या गोळ्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. पेशी प्लीहेतून जाताना तिथल्या भक्षक पेशी तो गोळा आवरणाच्या तुकड्यासकट तोडून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली मग कडेचा एक घास घेतल्यासारख्या पेशी दिसतात. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट एवढ्यावरूनच कारण ओळखतो.

हिवतापात हा प्रश्न नेहमी येतो. व्हायव्हॅक्स हिवतापाचे परजीवी यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांना मारायला क्लोरोक्विनच्या ३ दिवसांसोबत प्रायमाक्विन लागते: वजनाच्या दर किलोला ०.२५ मिलिग्रॅम, रोज, १४ दिवस. ६० किलोच्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम. हे जेवणानंतर घ्यावे. गरोदर स्त्रिया आणि एक वर्षाखालील बाळांना देत नाहीत. गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात रोज लघवीचा रंग पाहणे हे घरच्यांचे काम. ती कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली किंवा पाठ-पोट दुखू लागले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जी६पीडी कमी असल्याचे माहीत असेल तर डॉक्टर दर किलोला ०.७५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, असे ८ आठवडे देखरेखीखाली देऊ शकतात. दोन डोसांमधल्या काळात मज्जा नव्या पेशी बनवून तूट भरते. भीतीपोटी स्वतःहून गोळ्या अर्धवट सोडणे मात्र चुकीचे, त्याने ताप परत येतो.

तपासणीत एक सापळा आहे. पेशी नुकत्याच फुटलेल्या असताना जी६पीडी तपासले तर अहवाल 'नॉर्मल' येऊ शकतो. म्हाताऱ्या, कमी विकराच्या पेशी संपलेल्या असतात, आणि नळीत उरतात त्या भरपूर विकराच्या कोवळ्या पेशी. संशय असेल तर साधारण ३ महिन्यांनी पुन्हा तपासावे. नुकतेच रक्त चढवले असेल तरी हीच अडचण, कारण मोजले जाते ते रक्तदात्याचे विकर. अहवालात दोष ठरला की तो कागद पाकिटात ठेवावा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवावा. प्रायमाक्विनखेरीज टॅफेनोक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, रास्ब्युरिकेज ही औषधे टाळण्याच्या यादीत आहेत. खाण्यात बाकला (फावा बीन) टाळायचा. आपले वाल आणि पावटे ही वेगळी जात आहे, त्यांच्याशी गोंधळ करू नये.

याच यादीत दोन नावे अशी आहेत की अँटिऑक्सिडंटबद्दलची सरधोपट समजूत तिथे गळून पडते. पहिले मेथिलीन ब्लू. मेटहिमोग्लोबिन वाढले की हे औषध ते पूर्ववत करते, पण त्यासाठी त्याला एनएडीपीएच लागते. जी६पीडी कमी असलेल्या माणसात ते मिळत नाही, औषधाचा उपयोग होत नाही, आणि वर पेशी फुटतात. दुसरे नाव सी जीवनसत्त्वाचे. शिरेतून एका वेळी कित्येक ग्रॅम दिले की ते लोह आणि तांब्याच्या संगतीने उलट हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. साध्या माणसाची पेशी ते पचवते, जी६पीडी कमी असलेल्याची फुटते. त्वचा उजळण्यासाठी किंवा 'इम्युनिटी'साठी शिरेतून सी जीवनसत्त्वाच्या बाटल्या लावून घेण्याआधी ही तपासणी न करणे हा धोकादायक निष्काळजीपणा आहे. पेरू, आवळा, लिंबू यांतून मिळणारे सी जीवनसत्त्व मिलिग्रॅममध्ये असते, त्याची भीती बाळगू नये.

ग्लुटाथायोन संपण्याचे दुसरे ठळक उदाहरण यकृतात घडते. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एका विषारी रूपात बदलतो, आणि ग्लुटाथायोन त्याला लगेच बांधून टाकते. प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही वरची मर्यादा. उपाशी राहणाऱ्याला आणि रोज दारू पिणाऱ्याला तीही जास्त. तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी अशा तिन्हींत पॅरासिटामॉल असते आणि बेरीज कोणी करत नाही. जास्त गेले तर पहिले २४ तास मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही, म्हणून लोक थांबतात, आणि तिथेच यकृत हातचे जाते. उतारा आहे एन-ॲसिटिलसिस्टीन. तो पेशीला ग्लुटाथायोन बनवायचा कच्चा माल पुरवतो. पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर जवळजवळ नेहमी यकृत वाचते.

मग बाटलीतल्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांचे काय? त्यांची मोठी परीक्षा झालेली आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये वेळेआधी थांबवावी लागली, तिथे वाढ २८ टक्के होती. ४०० युनिट ई जीवनसत्त्व रोज घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त, हे २०११ मध्ये कळले. एवढा पुरावा असताना धूम्रपान करणाऱ्याला बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या विकणे मला अक्षम्य वाटते.

असे का होते, याचे उत्तर ऑक्सिडंटच्या कामात आहे. शरीर ते मुद्दाम बनवतेही. पांढऱ्या पेशी जंतू गिळल्यावर त्याच्यावर सुपरऑक्साइडचा मारा करतात. हे यंत्र जन्मतः बिघडलेल्या मुलांना वारंवार जंतुसंसर्ग आणि बुरशीचे गळू होतात, त्या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. व्यायामात स्नायूंत तयार होणारे ऑक्सिडंट हा तर निरोपच असतो, पेशीने स्वतःची विकरे वाढवावीत म्हणून. २००९ च्या एका जर्मन प्रयोगात तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. त्यातल्या निम्म्यांनी सोबत रोज १ ग्रॅम सी आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेतले. इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांचा.

म्हणून करण्याजोगे ते साधे आहे. विडी-सिगारेट बंद, कारण प्रत्येक झुरक्यात ऑक्सिडंट थेट फुप्फुसात जातात. ग्लुटाथायोनसाठी सिस्टीन लागते, ते डाळ, अंडी, दूध, मासे यांतून येते, म्हणजे पोटभर प्रथिने. विकरांना तांबे, जस्त, सेलेनियम लागते, तेही मिश्र आहारात मिळते. सेलेनियमच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्याची गरज आणि विषबाधा यांतले अंतर कमी आहे, जास्त झाले की केस गळतात आणि नखे ठिसूळ होतात. प्रौढाची सी जीवनसत्त्वाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम, ती एका मध्यम पेरूत भागते. खवट वास येणारे शेंगदाणे आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तळणाचे तेल टाकून द्यावे, त्यातली चरबी आधीच ऑक्सिडाइज झालेली असते. आणि केमोथेरपी किंवा रेडिएशन चालू असताना कुठलीही अँटिऑक्सिडंट गोळी, चूर्ण वा काढा आपल्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय सुरू करू नये. त्यातले काही उपचार गाठीतल्या पेशी मारतात ते ऑक्सिडंट तयार करूनच.